खंडेनवमीला उघडलेली शेपटी

माझा हात लहान आहे, आणि विमानाशी माझा संबंध आला तो केवळ त्यामुळे. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असताना सरांनी आमच्यातल्या काही जणांना बारामतीच्या धावपट्टीलगतच्या एका शेडमध्ये नेलं. सणसरचे एक ऊस बागायतदार आणि त्यांची मुलगी, दोघं मिळून तिथे विमान बांधत होते. सुट्या भागांचा संच मागवायचा आणि आपला आपण जोडायचा, असं दोन माणसांचं छोटं विमान. बरीच वर्षं ते सणसरला त्यांच्या मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आकाराला येत होतं. मग उसाच्या ट्रॉलीत गाद्या अंथरून त्याचं धड आणि पंख बारामतीला आणले होते. मुलगी वैमानिक होती आणि पहिलं उड्डाण तीच करणार होती.

सगळी मुलं इंजिनाभोवती जमली. मला गर्दीत पुढे घुसता येत नाही, म्हणून मी मागे शेपटीपाशी उभी राहिले. तिथे ती मुलगी, म्हणजे ताई, आडवी पडून आत हात घालायचा प्रयत्न करत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हात दाखव." मी घाबरून दोन्ही हात पुढे केले. तिने एक पंजा उलटासुलटा करून बघितला आणि हाक मारली, "तात्या, हा हात जाईल बघा आत."

तात्या म्हणजे तिचे वडील. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून माझ्या हाताकडे बघितलं. "जाईल की. कुणाची गं तू?"

"सांगवीची. भाजीपाला असतो आमचा."

"मग तर मिरची तोडून बोटं तयारच असतील," ते म्हणाले. त्यानंतर कॉलेज सुटलं की मी रोज त्या शेडमध्ये जायला लागले.

माझं काम शेपटीच्या फेअरिंगचं होतं. विमानाच्या शेपटीला एक उभा पंख असतो आणि दोन आडवे. ते तिन्ही जिथे धडाला मिळतात तिथे फटी राहतात. त्या झाकायला फायबरचं एक पातळ टोपण असतं, तेच फेअरिंग. ते बसवलं की शेपूट गुळगुळीत दिसते आणि वारा फटीत अडकत नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या टोपणाखालीच, अगदी वीतभर जागेत, एलिव्हेटरचे सांधे असतात. एलिव्हेटर म्हणजे आडव्या पंखांच्या मागच्या हलत्या फळ्या. वैमानिकाने पुढे बसून दांडा ओढला की त्या वर होतात आणि विमान नाक वर उचलतं. दांडा ढकलला की खाली होतात. फेअरिंगची कड या फळ्यांना कुठेही घासता कामा नये, कुठला स्क्रू आत लांब जाता कामा नये, आत काही सुटं राहता कामा नये. ताईने पहिल्याच दिवशी हे सांगितलं. सांगताना तिचा आवाज साधाच होता, पण घरी जाताना एसटीत मला ते परत परत ऐकू येत होतं.

घरी मी आनंदाने सांगितलं तर वडिलांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "आपली मोटर बिघडली तर पाणी थांबतं. तितं बिघडलं तर काय थांबत आसंल, याचा इचार केलास का?"

आई म्हणाली, "दुसरं कोण न्हाय का तितं? तुलाच कशापायी?"

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. वर्गातला एखादा धडा कळला नाही तरी घरी विचारायला कुणी नाही, मग हे कुणाला विचारणार? मैत्रिणींना वाटायचं मी मोठी धीट आहे. खरं तर फायबर घासताना मला सतत भीती वाटायची. पॉलिशपेपरने कड घासायची, टोपण लावून बघायचं, एलिव्हेटर हळूहळू वर-खाली करायचं, आणि मधल्या फटीतून जुनं पोस्टकार्ड सरकवायचं. पोस्टकार्ड अडलं की परत घासायचं. फायबरची धूळ मनगटाला खाजायची, भेंडी तोडल्यावर खाजतं तशी, आणि रात्री अंथरुणावर त्या खाजेने मला ताईचा चेहरा आठवायचा. ती हसताना एक भुवई उचलायची. एवढी जिवंत मुलगी त्या दांड्याला धरून वर जाणार, आणि त्या दांड्याचं दुसरं टोक माझ्या पोस्टकार्डापाशी येणार.

काकू, म्हणजे ताईची आई, दुपारी सणसरहून डबा घेऊन यायच्या. विमानाकडे त्या सरळ बघत नसत. पाव्हण्यांच्या घरातल्या अनोळखी कुत्र्याजवळून जावं तशा कडेने जायच्या. तात्या त्यांना चिडवायचे. "अगं ये की जवळ, चावत न्हाय ती."

"तुमाला न्हाय चावत. तुमी कुठं बसताय तिच्यात?"

"मी बसलो तर उठंल का ती जमिनीवरनं?" तात्या पोटावर हात फिरवून म्हणायचे. ताई हसायची. काकू हसायच्या नाहीत. डबा सोडताना त्या एकदा मला हळूच म्हणाल्या, "पोरी, नीट बसव बाई काय बसवायचं ते." मी मान हलवली आणि जेवायच्या आधी पोस्टकार्ड परत एकदा फटीतून फिरवून आले.

परवानगीची कागदं आली, सरकारी तपासणी झाली. फेअरिंग सोडून बाकी सगळं पुरं होतं. तात्यांनी ठरवून टाकलं की पहिलं उड्डाण दसऱ्याला सकाळी. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, वर सीमोल्लंघन. मग कुणी दुसरा दिवस सुचवलाच नाही. त्यामुळे फेअरिंग कायमचं बसवायचं काम आलं खंडेनवमीला, आणि खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. कोयता, खुरपं, पाना, ट्रॅक्टर, जे वर्षभर राबतं ते त्या दिवशी धुऊनपुसून पाटावर बसतं. पूजा मांडली की दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. म्हणून काम दुपारच्या आत उरकायचं होतं.

सकाळी ताईने शेपटीच्या आत बॅटरी मारून एकेक बोल्ट तपासला. मग मी फेअरिंगच्या कडेला आतून रबराची पट्टी चिकटवली आणि ती वाळत ठेवली. तोवर आम्ही तिघं झेंडूची फुलं आणि नारळ आणायला बाजारात गेलो. काकू शेडमध्ये रांगोळी काढत थांबल्या. आल्यावर मी आत पुन्हा बॅटरी मारली, बोल्ट सैल झाला तर कळावा म्हणून त्यावर मारलेल्या लाल खुणा बघितल्या आणि फेअरिंग लावून सगळे स्क्रू आवळले. दुपारी काकूंनी लाल कापडावर स्क्रू ड्रायव्हर, ड्रिल, पाने, कानस, सगळं मांडलं. हळदकुंकू वाहिलं, विमानाच्या नाकाला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. सणसरहून नातेवाईक आले होते. त्यांना दाखवायला ताई आत बसली आणि दांडा हलवायला लागली. एलिव्हेटर वर-खाली व्हायला लागलं तशी लहान मुलं ओरडली, "शेपूट हलवतंय!"

मी सवयीने एलिव्हेटरच्या कडेला बोटं टेकवून उभी होते. फळी वर जाऊन थांबली, आणि माझ्या बोटांना काहीतरी वेगळं लागलं.

ते सांगणं अवघड आहे. फळी वर जाऊन थांबते तेव्हा लोखंड लोखंडावर बसतं. तो थांबा टणक असतो, बोटांना कळतो. या वेळी तो टणक नव्हता. शेवटचं बोटभर अंतर मऊ होतं. उशीवर कोपर टेकावं तसं. आवाज काही नाही. नातेवाईक पेढे खात होते. मी ताईला म्हटलं, "परत ओढा ना एकदा." तिने ओढला. परत मऊ.

मी तात्यांजवळ गेले आणि अर्धं वाक्य बोलले. त्यांनी येऊन स्वतः फळी हलवली. "नवं रबर हाय बाळा. बसंल चार दिवसात."

मी मान हलवली आणि बाजूला झाले. पण रबर घासलं असतं तर ते सगळीकडे घासलं असतं, वर जाताना आणि खाली येताना. हे फक्त वरच्या टोकाला होतं. आणि मला ताईनेच सांगितलेलं आठवलं, दांडा असा शेवटपर्यंत ओढावा लागतो तो उतरताना, चाकं जमिनीला टेकायच्या जरा आधी. म्हणजे सगळं ठीक चाललंय असं वाटत असताना, अगदी शेवटी, ती तो मऊपणा गाठणार. तिथे काही अडकलं तर तिच्या खाली फक्त धावपट्टी असणार.

नातेवाईक पांगेपर्यंत मी शेडच्या दारात उभी राहिले. मनात मीच दोन्ही बाजूंनी बोलत होते. तात्यांनी अख्खं विमान बांधलंय, तुला काय कळतं? सरकारी माणसं बघून गेली. उद्या दसरा, सगळं ठरलंय. आणि बोलायचं तर काय बोलायचं, मऊ लागतं? परीक्षेत तोंडी प्रश्नाला मला उत्तर येत असूनही मी गप्प बसते. परीक्षेत गप्प बसलं तर मार्क जातात. इथे काय जाईल ते माझ्यासमोर झेंडूची फुलं वेचत फिरत होतं.

ऊन कललं तेव्हा मी ताईसमोर जाऊन उभी राहिले. "ताई, फेअरिंग उघडायला पाहिजे."

तिने हसायला भुवई उचलली आणि माझं तोंड बघून ती खाली आणली. एलिव्हेटरपाशी जाऊन तिने डोळे मिटून फळी हाताने वर नेली. एकदा. मग परत, हळू. "तात्या," ती म्हणाली, "हे रबर नाही."

"मग उघडा," तात्या म्हणाले, आणि म्हणताच त्यांचं लक्ष लाल कापडाकडे गेलं. स्क्रू ड्रायव्हर हळदकुंकवाखाली होता. त्या दिवशी अख्ख्या बारामती तालुक्यात एक स्क्रू ड्रायव्हर मोकळा नसेल.

"मांडलेली पूजा हलवायची?" काकू पुढे आल्या. "आन तेबी पोरगी वर जायच्या आदल्या दिवशी? इतकी वर्षं न्हाय हलवली कदी आपल्या घरात. उद्या सकाळी उत्तरपूजा झाली की उघडा काय उघडायचं ते."

"आई, सकाळी वेळ नाही मिळणार. वारा सुटायच्या आत जायचंय."

"मग नका उघडू. या पोरीला भ्या वाटतंय म्हणून देव हलवायचा व्हय?"

मी खाली बघितलं. भीती वाटत होती हे खरंच होतं. मी म्हटलं, "काकू, मला रोजच भीती वाटते. पण आजची वेगळी आहे. आत काहीतरी आहे." माझा आवाज रडका झाला आणि मला त्याची लाज वाटली.

मला वाटलं आता त्या मला घरी जा म्हणतील. पण त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. त्यांचा चेहरा माझ्यासारखा झाला होता, म्हणजे भ्यायलेला, आरशात मला माझा दिसतो तसा. ताईने ते माझ्या आधी ओळखलं.

"आई. तू आत काही ठेवलंस?"

"ठिवलं आसंल तर काय बिघडलं?"

"काय ठेवलंस?"

"घराच्या चौकटीला बांदतो तसंच बांदलंय. हळकुंड, सुपारी, मोहरी, नऊ धान्यं. पुरचुंडी हाय एवढीशी." त्यांनी मूठ दाखवली, माझ्यासारखीच लहान, मग ती आणखी लहान करून दाखवली. "चौकट बसवताना बांदत न्हाय का आपण? घरातनं सारकं भायेर जायचंय तुला तिच्यातनं. बिनबांदलेल्या चौकटीतनं कसं जाऊ देऊ?"

तात्या कपाळाला हात लावून पत्र्याच्या पेटीवर बसले. "अगं ए बाई," ते म्हणाले.

ताई चिडली नाही. मला ते जास्त भयंकर वाटलं. तिने आईला शेपटीपाशी नेलं, फळी वर केली आणि त्यांचा हात त्या कडेवर ठेवला. "हे बघ. इथे मऊ लागतंय ना? ती तुझी पुरचुंडी दाबली जातेय. उतरताना हे पूर्ण वर गेलं नाही तर मी आपटेन."

काकूंनी हात भाजल्यासारखा मागे घेतला. मग त्या तशाच पाटापाशी गेल्या, गुडघे टेकले, चिमूटभर अक्षता घेतल्या आणि हत्यारांवर टाकल्या. "हलवते रं देवा," त्या म्हणाल्या, "लेकरासाठी हलवते, राग धरू नको." त्यांनी स्वतःच स्क्रू ड्रायव्हर उचलला, पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला. मुठीला कुंकू राहिलंच होतं. ते माझ्या बोटांना लागलं.

फेअरिंग निघालं. बॅटरीच्या उजेडात बोल्ट जसेच्या तसे होते, लाल खुणांसकट. सकाळी ताईने आणि नंतर मी बघितले होते ते हेच. त्यांच्या मागे, अंधारात, उभ्या पत्र्याच्या भोकातून दोरा ओवून खणाच्या कापडाची पुरचुंडी बांधली होती. दांडा ओढला की सांध्याचा दांडका बरोबर तिच्यावर येत होता. कापडाला तिथे दाबल्याची काळी रेघ पडली होती आणि वीण उसवायला लागली होती.

"ओढू नको," ताई माझ्या कानाशी म्हणाली. "फाटली तर सगळं धान्य शेपटीत सांडेल."

मी हात आत घातला. बोटांना गाठ लागली, पण कुठून सोडायची ते कळेना. गाठीवर गाठ होती. प्रत्येक वेळी नख घालताना कापडाचा एक धागा सुटल्याचं जाणवत होतं. सुपारी आतल्या आत फिरली. मला वाटलं गेलं, आता गेलं.

"उजव्या अंगाचं टोक बघ," काकू मागून म्हणाल्या. त्या जमिनीवर बसल्या होत्या आणि डोळे मिटून हवेत बोटं हलवत होत्या, जणू गाठ त्यांच्याच हातात होती. "ते मी लांब सोडलंय. ते वर उचल. ओढायचं न्हाय, उचलायचं. आता त्याच्याखालनं बोट घाल. घातलंस?"

"घातलं."

"आता सोड."

गाठ सुटली. पुरचुंडी माझ्या तळव्यावर आली, आणि बाहेर काढताना उसवलेल्या जागेतून मोहरीचे काही दाणे आत गळलेच. त्यांचा पत्र्यावर पडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. किती पडले ते कुणालाच सांगता येईना. तात्यांनी चिमटा आणला, त्याने दाणे उलट पळायचे. शेवटी काकू उठल्या, डब्यातल्या पोळीचा तुकडा पाण्यात भिजवून मळला आणि त्याचा चिकट गोळा करून मला दिला. "काच फुटल्यावर टिपतो तसं टीप." मी कोपऱ्याकोपऱ्यातून ते दाबत फिरले. प्रत्येक वेळी गोळा बाहेर आला की काकू तो उजेडात धरून दाणे बघायच्या, आणि ताई आत आरसा फिरवायची. गोळा सलग तीन-चार वेळा रिकामा आला तेव्हा आम्ही थांबलो. फेअरिंग परत बसवलं. फळी वर नेली. टण्ण. लोखंडावर लोखंड.

मला वाटलं होतं आता भीती जाईल. गेली नाही. दसऱ्याला सकाळी धावपट्टीवर आपट्याची पानं वाटून झाली, ताईने काकूंच्या पाया पडून हेल्मेट घेतलं आणि ती विमानाकडे निघाली. निघालेल्या माणसाला टोकू नये, हे मला माझ्या आईने शिकवलंय आणि तिला तिच्या आईने. तरी माझ्या तोंडून गेलं, "ताई, थांबा." काकूंनी डोळे मिटले. ताई थांबली. मी धावत जाऊन फळी खालपासून वरपर्यंत नेली आणि परत खाली आणली. टणक होती. "जा," मी म्हटलं. मी तिला अरेतुरे केलं हे मला नंतर कळलं.

विमान उठलं तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझं सगळं लक्ष शेपटीकडे होतं, आणि ती फार लवकर लहान होऊन गेली. तात्या मोठ्याने काहीतरी बोलत होते, बहुतेक वाऱ्याबद्दल. काकू विमानाकडे पाठ करून, उसाच्या फडाकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांचा हात कधी माझ्या मनगटावर आला मला कळलं नाही, पण विमान उतरायला वळलं तेव्हा त्यांची बोटं रुतली होती.

"आता कुठं हाय?" त्या न वळता म्हणाल्या.

"येतंय."

"आता?"

"खाली येतंय. पट्टीवर आलं." मी बोलायची थांबले. नाक वर उचललं जात होतं. अजून वर. आता ती शेवटच्या बोटभरात असणार. मागची दोन चाकं टेकली, धूळ उडाली, मग नाक सावकाश खाली आलं.

"बोल की गं!"

"आली," मी म्हटलं. नाकावरचा पंखा पूर्ण थांबेपर्यंत मी शेपटीवरची नजर हलवली नाही.

ताई उतरली, तात्यांच्या गळ्यात पडली, सगळ्यांनी तिला गराडा घातला. गर्दी ओसरल्यावर ती माझ्याजवळ आली. तिचे केस घामाने कपाळाला चिकटले होते. म्हणाली, "पहिल्या उड्डाणानंतर शेपूट उघडून बघायची असते. काढतेस?"

मला बसावंसं वाटत होतं. भीती परत आली, कालच्यासारखीच, जराही कमी नाही. मी फेअरिंग काढलं. बॅटरी धरायला तात्या पुढे येत होते, तर काकूंनी ती त्यांच्या हातातून घेतली. पदर कमरेला खोचला, विमानाला पहिल्यांदाच असं चिकटून उभ्या राहिल्या आणि मान वाकवून आत बघायला लागल्या. कुठला बोल्ट कशाचा हे त्यांना माहीत नव्हतं. मी एकेकावर बोट ठेवत गेले आणि त्या उजेड सरकवत गेल्या.

"त्याच्या मागं?" त्या म्हणाल्या.

मी त्याच्या मागे हात घातला.